सध्या काय वाचताय? हातातल्या पुस्तकाविषयी बोलताना पडणारे प्रश्न

वाचून संपलेल्या पुस्तकाबद्दल बोलायची सवय आपल्याला असते. खुणेचा कागद अजून मधेच अडकलेल्या पुस्तकाबद्दल विचारलं की मात्र माणसं अडखळतात. खाली दिलेले प्रश्न वाचणाऱ्या माणसांकडून पुन्हा पुन्हा ऐकू येतात. उत्तरं देताना माझी एक भूमिका ठाम आहे: पुस्तक आवडत असेल तर ते वाचत असतानाच सांगावं.

पुस्तक अर्धंच झालंय. पूर्ण वाचल्याशिवाय त्याबद्दल बोलणं घाईचं ठरणार नाही का?

निवाडा देणं घाईचं ठरेल. बोलणं घाईचं नाही. अर्ध्यावर असताना तुमच्याकडे जे असतं ते पुस्तक संपल्यावर उरत नाही. एखाद्या पात्रावर तुमचा संशय असतो, एखाद्याची बाजू तुम्ही घेतलेली असते, पुढे काय होईल याचा अंदाज बांधलेला असतो. शेवट कळला की हे सगळं पुसलं जातं आणि 'मला आधीपासूनच वाटत होतं' असं आपण खुशाल म्हणू लागतो. वैचारिक पुस्तकाचंही तसंच. तिसऱ्या प्रकरणात लेखकाशी तुमचा वाद चालू असतो. दहाव्यात तो मिटला की वाद कशावरून होता हेही धड आठवत नाही.

विसरण्याचा वेग आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त असतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. विसरण्याचा सर्वांत मोठा भाग पहिल्या काही तासांतच उरकतो, असं त्यांना दिसलं. गोष्टीला अर्थ असतो, त्यामुळे ती इतक्या झपाट्याने पुसली जात नाही. पण नेमकं वाक्य, एखादा हावभाव, खोलीच्या वर्णनातली एखादी वस्तू हे सगळं लवकर जातं, आणि सांगण्यासारखं बहुतेक वेळा तेच असतं.

दुसऱ्याला सांगण्याचा फायदा सांगणाऱ्यालाही होतो. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. मित्राला पुस्तकाबद्दल सांगताना आपण नकळत हेच करत असतो.

नेमकं सांगायचं काय?

कथानक सांगत बसू नका. ते मलपृष्ठावर छापलेलं असतं आणि तिथे ते तुमच्यापेक्षा आटोपशीर असतं. तुम्ही ते सांगायला बसलात की 'मग काय होतं, की' करत वीस मिनिटं जातात आणि समोरचा घड्याळाकडे बघू लागतो.

समजा, तुम्ही एका दीपगृहाच्या रखवालदारावरची कादंबरी वाचताय. (हे उदाहरण माझ्या मनचं आहे, अशी कादंबरी शोधायला जाऊ नका.) 'खूप सुंदर आहे, भाषा अप्रतिम, नक्की वाच' एवढंच म्हणालात तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. हीच वाक्यं इतर हजार पुस्तकांना लावता येतील. त्याऐवजी असं सांगून बघा:

'शंभरेक पानं झालीत. रखवालदार रोज रात्री वहीत वाऱ्याची दिशा आणि दिव्यातलं तेल लिहून ठेवतो, बस्स. पण चाळिसाव्या पानानंतर त्या नोंदींत एका बाईचं नाव येतं आणि तो ते दर वेळी खोडतो. ती कोण, हे अजून कळलेलं नाही. लेखिकेला कसलीच घाई नाही, आणि मला तेच आवडतंय. भराभर काही घडायला हवं असेल तर तू कंटाळशील.'

बोलायला अर्धा मिनिटही लागलं नाही. पण तुम्ही कुठवर आलात, पुस्तकाची चाल कशी आहे, तुम्हाला कशाने धरून ठेवलंय आणि ते कोणाला झेपणार नाही, हे सगळं त्यात आलं. यातला सगळ्यात मोलाचा भाग खोडलेल्या नावाचा. एक बारीकशी, प्रत्यक्ष पानावरची गोष्ट उचलून समोर ठेवली की बाकीची विशेषणं लागतच नाहीत. ऐकणाऱ्याला ती नोंदवही दिसते, आणि पुस्तक आपल्यासाठी आहे की नाही हे तो स्वतः ठरवू शकतो.

शेवटचं वाक्य अनेकांना खटकतं. आवडत्या पुस्तकाची उणी बाजू का सांगायची? कारण त्यामुळेच तुमच्या शब्दाला वजन येतं. 'हे सगळ्यांना आवडेल' असं म्हणणाऱ्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

मला 'छान आहे'च्या पुढे शब्दच सुचत नाहीत.

शब्द शोधू नका, आपण काय केलं ते आठवा. कुठलं पान परत वाचलं? कुठे पुस्तक मिटून थोडा वेळ तसेच बसून राहिलात? कुठला परिच्छेद घरातल्या कुणाला बोलावून मोठ्याने वाचून दाखवला? कुठे पानं चाळत पुढे सरकलात? यातलं एक सांगितलंत तरी पुरे. 'बाजाराचं वर्णन आलं की मी वेग कमी करते' हे वाक्य कुठल्याही परीक्षणात शोभेल.

पुढचं काही फुटू नये म्हणून किती सांगावं?

यावर संशोधकांचंही एकमत नाही. २०११ मध्ये लेविट आणि क्रिस्टेनफेल्ड यांनी बारा लघुकथांवर प्रयोग केला. शेवट आधीच कळलेल्या वाचकांना त्या कथा किंचित जास्तच आवडल्या, अगदी रहस्यकथासुद्धा. २०१५ मध्ये जॉन्सन आणि रोझेनबाउम यांच्या अभ्यासात नेमकं उलट दिसलं: शेवट ठाऊक नसलेल्या कथा वाचकांना अधिक रंगतदार वाटल्या. तेव्हा 'स्पॉयलरने काही बिघडत नाही, संशोधन आहे तसं' असं म्हणून कुणाचा विरस करू नये.

माझा साधा नियम असा: मलपृष्ठावर जे छापलंय ते खुलं, पुस्तकाच्या पहिल्या पाचव्या हिश्शात जे घडतं तेही साधारण खुलं. त्यापुढचं सांगण्याआधी विचारा. आणि 'शेवटी एक जबरदस्त धक्का आहे' एवढंही बोलू नका. धक्का कोणता ते तुम्ही सांगितलेलं नसतं, पण वाचणारा पहिल्या पानापासून त्याच्याच मागावर राहतो आणि मधली सगळी पानं त्याच्या नजरेतून निसटतात. आत्मचरित्र, इतिहास, विज्ञानाची पुस्तकं यांत ही काळजी सहसा लागत नाही. तिथे लेखकाने मुद्दा कसा उलगडलाय हे मोकळेपणाने सांगता येतं.

मी रहस्यकथा आणि प्रेमकथाच वाचते. बाकीचे जाडजूड ग्रंथांची नावं घेत असताना हे सांगायला संकोच वाटतो.

सांगा, आणि आवाज न उतरवता सांगा. प्रश्न 'सध्या काय वाचताय, काय आवडतंय' असा आहे. ज्या ग्रंथाची पंधरा पानं महिनाभर पुढे सरकत नाहीत त्याचं नाव घेऊन कुणाचंच भलं होत नाही; ऐकणारा ते पुस्तक आणतो आणि त्याचंही तिथेच अडतं.

रहस्यकथा लिहिणाऱ्याला सगळे धागे वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवायचे असतात आणि तरीही उत्तर लपवायचं असतं. हे कसब कुठे साधलं आणि कुठे लेखकाने लबाडी केली, हे सतत रहस्यकथा वाचणाऱ्याला चटकन कळतं. प्रेमकथेचं तर त्याहून अवघड. दोघं एकत्र येणार हे पहिल्याच पानावर ठाऊक असतं, आणि तरीही तीनशे पानं वाचकाला धरून ठेवायची असतात. ते कुणाला जमलं आणि कसं जमलं हे तुम्ही सांगू लागलात की वैचारिक ग्रंथ वाचणाराही कान देऊन ऐकेल. एखाद्या प्रकारात बुडालेल्या वाचकाकडे जी बारीक नजर असते ती वरवर सगळंच वाचणाऱ्याकडे क्वचितच असते.

एकाच वेळी तीन-चार पुस्तकं चालू असतात. सगळी सांगायची का?

नको. आज ज्याच्याकडे परत जावंसं वाटतंय ते एक सांगा. यादी ऐकून कुणीही पुस्तक हातात घेत नाही.

पुस्तक मधेच सोडलं. ते सांगावं का?

जरूर सांगावं, कुठल्या पानावर सोडलं आणि का, हे दोन्ही. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाच्या दहा हक्कांची यादी केली. त्यात तिसरा हक्क पुस्तक पूर्ण न करण्याचा आहे. हा हक्क बजावताना पुस्तकाला झोडपायची गरज नसते. 'माझ्या डोक्याला सध्या इतकी पात्रं पेलत नाहीत' आणि 'पुस्तक भिकार आहे' ही अगदी वेगवेगळी विधानं आहेत. पहिलं ऐकून कुणीतरी म्हणतं, 'मला तर गर्दीच्या कादंबऱ्या आवडतात, दे इकडे.' सोडलेल्या पुस्तकाला असा वाचक मिळतो.

ऑडिओबुक ऐकत असेन तर 'वाचतोय' म्हणायचं का?

म्हणा. बेथ रोगाउस्की आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रौढांच्या तीन गटांना एकाच माहितीपर पुस्तकाचे भाग दिले: एका गटाला ऐकायला, एकाला ई-रीडरवर वाचायला, एकाला दोन्ही एकदम. लगेच आणि दोन आठवड्यांनी घेतलेल्या आकलन चाचण्यांत तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

मात्र ऐकताय हे सांगा, आणि निवेदकाचा आवाज कुणाचा आहे तेही सांगा. चांगला निवेदक संवादांत जीव ओततो. रटाळ निवेदक चांगल्या पुस्तकाची माती करतो, आणि तो दोष लेखकाच्या माथी बसू नये. वेळेचाही फरक असतो. मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा इंग्रजी माहितीपर मजकूर मनात वाचण्याचा प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे २३८ शब्द निघाला. मोठ्याने वाचण्याचा वेग त्याहून बराच कमी असतो. म्हणून ऐकणाऱ्याचं पुस्तक मागे राहिलं, तर तो आळशी आहे असं समजू नये.

पुस्तकाचं नाव सांगितलं तरी लोकांना भलतंच पुस्तक मिळतं. आणखी काय सांगावं?

लेखकाचं पूर्ण नाव तर हवंच. एकाच नावाची पुस्तकं कितीतरी असतात. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव न चुकता घ्या. हा माझ्या फार जिव्हाळ्याचा मुद्दा आहे. तुम्हाला जी वाक्यं आवडली ती तुमच्या भाषेत अनुवादकाने लिहिली आहेत. लय त्याची, शब्दांची निवड त्याची. एकाच कादंबरीचे दोन अनुवाद शेजारी ठेवून पहिला परिच्छेद वाचा, म्हणजे एकात पात्र बोलतं आणि दुसऱ्यात भाषण देतं असं कधीकधी स्पष्ट दिसेल. अनुवादक न सांगता पुस्तक सुचवलंत आणि समोरच्याने दुसरा अनुवाद आणला, तर तुम्ही एकाच पुस्तकाबद्दल बोलत नाही.

नेमकी आवृत्ती हवी असेल तर आयएसबीएन, म्हणजे त्या आवृत्तीचा ओळख क्रमांक, पाठवा. तो सहसा मलपृष्ठावरच्या बारकोडपाशी आणि आतल्या प्रकाशनाच्या तपशिलात सापडतो. २००७ पासून तो तेरा अंकी आहे, त्याआधी दहा अंकी होता. कापडी बांधणी, साधी बांधणी, ई-बुक यांचे क्रमांक वेगळे असतात. मजकूर न बदलता नुसतं पुनर्मुद्रण झालं तर क्रमांक तोच राहतो. ई-बुकमध्ये अक्षरं मोठी केली की पानांचा हिशोब बिघडतो, म्हणून जागा सांगताना पान क्रमांकापेक्षा प्रकरण सांगणं बरं.

आवडलेल्या पानाचा फोटो पाठवला तर चालतं का? आणि पीडीएफ?

दोन्ही गोष्टी एका तराजूत टाकू नका. लेखकांच्या हक्कांविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराला जगातले बहुतेक देश बांधील आहेत. त्याचं दहावं कलम प्रकाशित पुस्तकातून उद्धृत करायला मुभा देतं. अट अशी की ते रास्त असावं, कारणापुरतंच असावं आणि मूळ स्रोत व लेखकाचं नाव द्यावं. तपशील देशागणिक बदलतात, पण चार ओळी लेखकाच्या नावासह दिल्या तर सहसा कुणाची हरकत नसते. लागोपाठ दहा पानांचे फोटो हे उद्धरण उरत नाही.

कॉपीराइट असलेल्या पुस्तकाची पीडीएफ फिरवू नका. पुस्तक आवडलंय म्हणता आणि ते लिहिणाऱ्याची, अनुवाद करणाऱ्याची, छापणाऱ्याची कमाई कापता, हे जुळत नाही. ज्याला परवडत नाही त्याला ग्रंथालयाची वाट दाखवा किंवा आपली प्रत वाचायला द्या. कॉपीराइटची मुदत संपलेली पुस्तकं मात्र बिनदिक्कत पाठवावीत. बर्न करारानुसार ही मुदत किमान लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं आहे. अनेक देशांत ती याहून मोठी आहे.

तारे किंवा गुण द्यावेत का?

वाचत असताना तरी नकोत. साडेतीन तारे दिले की बोलणं तिथेच संपतं. गुडरीड्ससारख्या वाचकांच्या संकेतस्थळांवर 'सध्या वाचतोय' असा वेगळा कप्पा असतो; तो चांगला वापरता येतो, कारण तिथे मत देण्याआधी नुसतं 'हे माझ्या हातात आहे' एवढं सांगता येतं. कुणाला तेच पुस्तक चालू असेल तर तो तिथूनच बोलायला येतो.

मी सांगितलेलं पुस्तक समोरच्याने वाचावं असं वाटतं. आग्रह करावा का?

आग्रहाने पुस्तकाचं ओझं होतं. 'वाचलंस का?' हा प्रश्न तिसऱ्यांदा आला की माणूस पुस्तक टाळतो, आणि मग आपल्यालाही टाळतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दोन सलग सूत्रं अशी आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. दोन्हींत 'त्याचं' आणि 'त्याचा' आहे. तुमच्या हातातलं पुस्तक समोरच्याचं असेलच असं नाही.

सुचवायचंच असेल तर आधी विचारा की त्याने अलीकडे कुठलं पुस्तक एका दमात संपवलं. त्यावरून सुचवा.

कुणी मला त्याच्या पुस्तकाबद्दल सांगत असेल तर कसं ऐकावं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, खरं तर यावरच सगळं अवलंबून आहे. तुम्ही ते पुस्तक वाचलेलं असेल तर सगळ्यात आधी 'कुठवर आलास?' विचारा आणि तिथेच थांबा. 'थांब, पुढे बघच काय होतं' म्हणू नका. त्याच्या अंदाजाला हसू नका. तो चुकणार हे तुम्हाला माहीत असलं तरी चेहऱ्यावर दिसू देऊ नका. वाचलेलं नसेल तर 'त्यातलं एखादं वाक्य आठवतंय का?' विचारा. बहुतेक जण पुस्तक काढून शोधू लागतात, आणि शोधताना ज्या पानांवर त्यांचं बोट रेंगाळतं तिथे त्यांना खरं काहीतरी सांगायचं असतं.

मुलांशी बोलताना तर प्रश्नपत्रिका काढूच नका. 'गोष्टीतून काय शिकलास?' म्हटलं की मूल पुढच्या वेळी पुस्तक लपवतं. आधी तुमच्या पुस्तकात आज काय झालं ते सांगा. मग त्याच्या पुस्तकात काय झालं हे तुम्ही विचारण्याआधीच कळेल.

मला सांगायचंच नसेल तर?

नका सांगू. पेनाक यांच्या यादीतला दहावा आणि शेवटचा हक्क हाच आहे: वाचलेल्याबद्दल गप्प राहण्याचा. दुःखात, आजारपणात किंवा एखाद्या खाजगी प्रश्नाचं उत्तर शोधत वाचलेली पुस्तकं चव्हाट्यावर आणायची नसतात. ती काय आहेत हे ओढून काढू पाहणाऱ्याला विषय बदलून उत्तर द्यावं.

नोंदी ठेवाव्यात का?

तारीख, पान आणि एक ओळ. एवढ्याच ठेवा, म्हणजे टिकतील.

मला मनापासून आवडलेलं पुस्तक मैत्रिणीने वाचलं आणि तिला अजिबात आवडलं नाही. फार लागलं.

लागणारच. आवडतं पुस्तक सांगताना आपण स्वतःचं काहीतरी पुढे करतो, आणि ते नाकारलं गेलं असं वाटतं. पण लगेच पुस्तकाची वकिली सुरू करू नका. कुठल्या पानावर तिचं मन उडालं ते विचारा आणि ते पान दोघींनी मिळून उघडा. पुष्कळदा असं निघतं की तुम्ही जिथे थांबून पुन्हा वाचलं होतं, तिथेच तिला कंटाळा आला होता. मग तिने त्याच पानावर काय वाचलं हे तिच्या तोंडून ऐका, मधे न बोलता.